चकचकीत पुस्तिकेचं जाहीर वाचन

पुण्याच्या त्या खाजगी विद्यापीठाची माहितीपुस्तिका कुरिअरनं आमच्या घरी आली, तेव्हा ती उघडण्याआधी बाबांनी हात धुतले. टॉवेलला पुसले. मग पाकीट कात्रीनं कापलं, फाडलं नाही. मी ते पाहत होते आणि माझं डोकं तिथंच फिरायला लागलं होतं, कारण बाबा हात का धुतात हे मला माहीत होतं. छापलेल्या कागदाला ते मळक्या हातानं शिवत नाहीत. आणि या कागदाची ती लायकी नव्हती.

बाबा एसटीत कंडक्टर होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. समुद्रपूर, हिंगणघाट, वर्धा, नागपूर या रस्त्यांवर त्यांनी उभं आयुष्य काढलं, आणि त्यांच्या पिशवीत तिकिटांच्या यंत्राशेजारी कायम चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा असायचा. नागपुरात कोणीतरी तो गाडीत ठेवायचं, वर्ध्यात कोणीतरी उतरवून घ्यायचं. त्यातली एक प्रत आमच्या घरी राहायची. पातळ कागद, बोटाला लागणारी शाई, शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याचा पत्ता. लिहिणारे कोण, तर शाळामास्तर, रेल्वेतले खलाशी, पोस्टातले कारकून. स्वतःच्या पगारातून छापायचे. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. शाळेच्या पुस्तकातल्या कविता मला पाठ होत नसत, पण 'प्रतिनिधित्व' हा शब्द मी तिसरीत न अडखळता म्हणायचे आणि पाहुण्यांसमोर मला तो म्हणायला लावायचे.

यातून बाबांच्या मनात एक समजूत पक्की बसली. माणूस तोंडानं खोटं बोलतो, पण छापून खोटं बोलत नाही. "पोटाले चिमटा काढून छापते माणूस," ते म्हणायचे. "खोटं बोलाचं असन तर फुकटात बोलता येते. पैसे कायले खर्च करन?" पत्रकांच्या बाबतीत हे खरं होतं. चकचकीत कागदावर, सोनेरी अक्षरांत, ऐंशी पानं छापणाऱ्यांच्या बाबतीतही ते खरं असेल असं धरून चालणं ही चूक आमच्यासारख्या घरातच होऊ शकते. ज्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या जाहिराती येत आल्या, ती माणसं जाहिरात ओळखतात. आमच्याकडे पत्रकंच आली होती.

पुस्तिका आली होती माझ्या धाकट्या बहिणीसाठी. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान. नुकतीच बारावी झाली होती आणि तिला वकील व्हायचं होतं. ही हौस नव्हती. आई अंगणवाडी सेविका आहे. थकलेल्या मानधनासाठी सेविकांनी वर्ध्यात दावा लावला होता, तेव्हा आईसोबत ती दोन-तीनदा कोर्टात गेली होती. तिथं एका वकीलबाईंनी उभं राहून खात्याच्या साहेबाला एकच प्रश्न विचारला, आणि इतका वेळ छाती काढून उभा बोलणारा साहेब फाईल चाळत खाली बसला. बहीण घरी आली ती हेच सांगत. काय प्रश्न होता ते तिला धड आठवत नव्हतं. साहेब खाली बसला ते आठवत होतं.

पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम त्या विद्यापीठात होता. पाच वर्षांचा खर्च बाबांनी वहीच्या मागे मांडून पाहिला. निवृत्तीचे बँकेत ठेवलेले पैसे जायचे होते आणि वर्ध्याच्या कडेला घेतलेला प्लॉटही. त्या प्लॉटवर आईनं मनातल्या मनात दोन खोल्या आणि एक पेरूचं झाड केव्हाच उभं केलं होतं. आई त्याबद्दल काही बोलली नाही. मी बोलले, आणि खूप बोलले.

आधी वर्ध्याचं सांगते. पुस्तिका आल्यानंतर, मे महिन्यात, एका मंगल कार्यालयात, त्या विद्यापीठानं 'करिअर मार्गदर्शन मेळावा' ठेवला. दारातच प्रत्येकाला कापडी पिशवी, पेन आणि थंड पाण्याची बाटली. चार मोठे कूलर घरघरत होते. वर्ध्याच्या मे महिन्यात निळा कोट घातलेला एक तरुण स्टेजवर आला आणि हिंदी, इंग्रजी, थोडं मराठी असं मिसळून बोलायला लागला. पडद्यावर काचेच्या इमारती, हिरवळ, पोहण्याचा तलाव. आणि मग अभिरूप न्यायालय, म्हणजे विद्यार्थ्यांना सरावासाठी बांधलेलं खोटं कोर्ट. लाकडी कठडे, न्यायाधीशाची उंच खुर्ची, वकिलांसाठी लांब टेबल. माझी बहीण शेजारी बसली होती. तिनं पाण्याची बाटली तोंडाशी नेली होती आणि तशीच धरून ठेवली होती.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी हात वर केला. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना सरकारची जी शिष्यवृत्ती मिळते, ती तुमच्याकडे चालते का, एवढंच विचारलं.

निळ्या कोटानं हसून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "मॅडम, आमच्या कॅम्पसवर आम्ही जात पाहतच नाही."

सभागृहात टाळ्या वाजल्या. खऱ्या, मनापासून. बाबांनीही वाजवल्या.

मी खाली बसले नाही. पुन्हा विचारलं, म्हणजे चालते की नाही? तो म्हणाला, "ते सरकारी कॉलेजसाठी असतं, मॅडम. आम्ही मेरिटवर सवलत देतो. आज नोंदणी केली तर." आणि पुढच्या हाताकडे वळला.

हे वाक्य मी नंतर कितीतरी दिवस चघळत होते. जात पाहत नाही, म्हणून जातीमुळे मिळणारा हक्कही पाहत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला, गावाबाहेरच्या वस्तीत शाळेसाठी भांडणं केली, एकेक सवलत कागदावर आणायला हाडं झिजवली. आणि हा माणूस त्या सगळ्यावर एका गोड वाक्यानं बोळा फिरवतो, वर टाळ्या घेतो. त्यात आमच्याही टाळ्या.

मी बाहेर नळावर तोंड धुऊन परत आले तोवर बाबांनी नोंदणी करून टाकली होती. हातात छापील पावती होती. पैसे परत मिळणार नाहीत, हे तिच्यावर खाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं. बाकीचा पहिला हप्ता महिनाअखेरपर्यंत भरायचा होता, नाहीतर जागा जाणार होती. बाबा पावतीची घडी न पडू देता ती खिशात ठेवत होते.

परतताना आमच्या गावचे कापडवाले काका भेटले. बाजारात त्यांचं तीन पिढ्यांचं दुकान आहे. त्यांचा मुलगा त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होता, म्हणून मेळाव्यात त्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. "मास्तर, एसटीत कायले तापता, चला गाडीत," म्हणाले. कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात. आम्ही तिघं त्यांच्या गार गाडीत बसलो. हिंगणघाटच्या रस्त्याला लागल्यावर बाबांनी विचारलं, "कसं हाय मंग तिथलं शिक्षण?"

"खरं सांगू का मास्तर?" काका आरशातून बाबांकडे पाहत म्हणाले. "पोरगा तिथं काय शिकून राह्यला ते मले नाई मालूम. मी इचारतही नाई."

"अन् मंग एवढे पैसे?"

"त्याच्या खोलीत राह्यते ना, तो पोट्टा सुरतच्या मिलवाल्याचा हाय. दिवाळीले आमच्या घरी आलता. आईच्या हातची पुरणपोळी खाऊन गेला. आता त्याच्या बापाकडून मले थेट माल येते. मधला दलाल गेला. फी केव्हाच वसूल झाली, मास्तर."

बाबा हसले. मग म्हणाले, "आमच्या पोरीले काय भेटन?"

काकांनी समोरच्या ट्रॅक्टरला वाट दिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुमचं दुकान असतं तर भेटलं असतं."

ते कुजकेपणानं बोलले नव्हते. मला त्यांचा राग आला नाही, आणि राग आला नाही याचाच मला राग आला. पूर्ण दिवसात खरं बोललेला तो एकटा माणूस होता. एवढा खर्च करून शिकावं की नाही, असं सगळे विचारतात. पण ज्याच्याकडे आधीच दुकान आहे, त्याला त्याच पैशात शिक्षणही मिळतं, ओळखही मिळते आणि मालही. आम्ही तेवढेच पैसे मोजणार, तेही प्लॉट विकून, आणि आम्हाला मिळणार फक्त कागद. एकाच काउंटरवर, एकाच किमतीत, दोन गिऱ्हाइकांना वेगवेगळा माल.

घरी येऊन मी तेच बोलायला लागले. आई पोळ्या लाटत होती, बहीण भाजत होती, मी दारात उभी राहून भाषण देत होते. शिक्षणाचा बाजार, ज्ञानाची दलाली, काचेच्या इमारती. बहिणीनं पोळी उलटली.

"ताई, हे तुह्यं पत्रक मी वाचलं हाय," ती म्हणाली. "पुढचं बोल."

"पुढचं काय?"

"मी काय करू ते. तुले पत्रकं लिहाची होती, तू वर्ध्याले बीए केलं, चाललं. मले कोर्टात उभं राहाचं हाय. तिथं इंग्रजी लागते. तिथं बोलाची सवय लागते. तिकडच्या पोट्ट्या पयल्या वर्षापासून त्या खोट्या कोर्टात उभ्या राह्यतात. मी कुठं उभी राहू? वावरात?"

"तुला त्यांनी भुलवलंय."

"मंग? चांगल्या गोष्टीले भुलू नये का? आपल्या लोकाइनं दरवेळी स्वस्तातलंच शिकावं, असं कोन्या पत्रकात लिहिलं हाय?"

आई म्हणाली, "भांडा, पण पोळी जळून राह्यली."

बहिणीनं जळलेली पोळी बाजूला ठेवली आणि तवा खाली उतरवला. "असं कर," ती म्हणाली. "तुले एवढं खोटं वाटते ना ते पुस्तक, तर रविवारी विहारात वाच. सगळ्याइच्या समोर. पण सरळ वाच. टोमणे मारत वाचशीन तर मी उठून जाईन."

आमच्या विहारातलं रविवारचं वाचन आजोबांच्या वेळेपासून चालू आहे. तेव्हा वस्तीत वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. वंदना झाली की एकानं पत्रक वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, पण ऐकणाऱ्यांचा एक अधिकार होता. कोणीही हाताचा पंजा वर करून 'थांब' म्हणायचं. मग वाचणाऱ्यानं त्या ओळीचा अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा, आणि थांबवणाऱ्यानं मान हलवल्याशिवाय पुढं जायचं नाही. अर्थ सांगता आला नाही तर 'मला माहीत नाही' असं मोठ्यानं म्हणायचं आणि त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ मारायची. रेघ मारलेल्या ओळी पोस्टकार्डावर लिहून पत्रक काढणाऱ्याला पाठवायच्या. ते उत्तर द्यायचे. उत्तर न देणाऱ्याचं पत्रक पुन्हा वाचलं जायचं नाही. आता सगळ्यांना वाचता येतं. वस्तीत तहसीलमधला कारकून आहे, दोन नर्स आहेत, एक इंजिनिअर पुण्याला आहे. तरी वाचन चालू आहे आणि पंजा अजून वर होतो.

त्या रविवारी पत्रकाच्या जागी ऐंशी पानी पुस्तिका घेऊन मी बसले. इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं होतं. बहीण खांबाला टेकून समोर बसली होती. बाबा मागे, आई बायकांमध्ये. मी सुरू केलं. "जागतिक दर्जाचं शिक्षण."

पहिलाच पंजा कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्य गेलेल्या एका आजोबांचा. "थांब. दर्जा कोणं दिला?"

मी पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं. "मला माहीत नाही." रेघ.

"उद्योगजगताशी घट्ट नातं."

"थांब," एक नर्स म्हणाली. "कोन्या उद्योगाशी? नाव हाय का एखादं?"

नव्हतं. रेघ.

"शंभर टक्क्यांपर्यंत नोकरीसाठी साहाय्य."

इथं चार पंजे एकदम वर झाले. तहसीलमधल्या कारकुनाला बोलू दिलं. "शंभर टक्क्यांपर्यंत म्हणजे शून्यही त्यातच आलं ना? अन् साहाय्य म्हणजे नोकरी नोय. मी रोज लोकाइले साहाय्य करतो, त्याइचं काम होते का?"

"ते आमाले इचार," मागून कोणीतरी म्हणालं, आणि विहार हसला.

मी पुढं गेले. घोडेस्वारीची सोय होती. वकिलीले घोडा लागते का, असं एका मावशीनं विचारलं आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. परदेशी पाहुण्या प्राध्यापकांचे फोटो होते. रोज शिकवणाऱ्यांची नावं नव्हती. "मंग रोज कोण शिकवन, घोडा?" पुन्हा हसू. रेघांवर रेघा पडत होत्या. मला चढत चाललं होतं. टोमणे मारायचे नाहीत हे मी पाळत होते, पण 'मला माहीत नाही' म्हणताना माझा आवाज गोड होत चालला होता, आणि तो बहिणीला ऐकू येत होता. ती माझ्याकडे पाहत नव्हती. अभिरूप न्यायालयाच्या फोटोचं पान आलं तेव्हा मी ते भरभर उलटलं.

"थांब," बहीण म्हणाली. "ते दाखव सगळ्याइले."

पुस्तिका हातोहात फिरली. एका म्हातारीनं फोटोतल्या उंच खुर्चीवरून बोट फिरवलं.

पुस्तिका परत माझ्याकडे आली तेव्हा महिला मंडळाच्या मावशींनी पंजा वर केला. मी अजून काहीच वाचलं नव्हतं.

"आता तुह्या कॉलेजचं सांग," त्या म्हणाल्या.

"माझ्या?"

"त्याचं असं पुस्तक नाई म्हून वाचता येत नाई. पण तू होती ना तिथं. सांग. मास्तर किती होते?"

इथं खोटं बोलता येत नाही. मी सांगितलं. अर्थशास्त्राचे सर दुसऱ्या वर्षी निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मग तासावर पैसे मिळणारे एक सर आले. ते सकाळी आमच्याकडे, दुपारी दुसऱ्या कॉलेजात, संध्याकाळी विमा विकायचे. बिचारे चांगले होते, पण त्यांना झोप यायची. ग्रंथालय दोन तास उघडायचं. निकाल इतका उशिरा लागला की पुढच्या एका परीक्षेचा अर्ज मला भरताच आला नाही.

"मंग तू शिकली कशी?"

"इथं येऊन," मी म्हणाले. "अर्धं तरी."

"म्हंजे तुह्या सरकारी कॉलेजले मास्तर आमीच पुरवले, फुकटात," मावशी म्हणाल्या. लोक हसले. मी हसले नाही. मावशींनी मान हलवली नव्हती. त्या वाट पाहत होत्या. "अन् तिले बी तिथंच टाकतं का तू?"

मी कितीतरी पत्रकं लिहिली आहेत. खाजगी विद्यापीठांवर लिहिलं, फीवर लिहिलं, दलालांवर लिहिलं. ज्या कॉलेजात मी शिकले त्याच्या बंद ग्रंथालयावर एक ओळ लिहिली नव्हती. आपल्याच घराची झाकली मूठ म्हणून. त्या दिवशी विहारात बसून मला पहिल्यांदा नीट दिसलं की या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. नळाला पाणी येऊ द्यायचं नाही आणि समोर बाटल्यांचं दुकान टाकायचं. जे नळाची चावी बंद ठेवतात त्यांचे मेहुणे, भाचे, मित्र दुकानात बसलेले असतात. मग आमच्या बापांना विचारायचं, बाटली घेणं परवडतं का? आणि आम्ही बहिणी-बहिणी घरात भांडायचं, की पाणी बाटलीचं चांगलं की नळाचं. तहान तिची होती. तिला अभिरूप न्यायालय हवं होतं, यात गैर काय होतं? तसं एक लाकडी टेबल आणि चार कठडे सरकारी कॉलेजात बांधायला कोणाच्या बापाचं काय जात होतं?

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीनं पुस्तिका घेतली, रेघ मारलेल्या सगळ्या ओळी मोजल्या आणि विद्यापीठाला इंग्रजीत ईमेल लिहिला. इंग्रजी तिनं मला तपासूही दिलं नाही. रोज शिकवणाऱ्यांची नावं द्या. गेल्या वर्षी कायद्याच्या किती विद्यार्थ्यांना कुठं काम मिळालं ते द्या. फी दुसऱ्या वर्षी वाढणार का ते द्या. असेच सगळे.

ईमेलला उत्तर आलं नाही. फोन आला. तिनं तो स्पीकरवर टाकला. मेळाव्यातलाच तो निळा कोट होता.

"दीदी, तुमचा मेल पाहिला. एवढं टेन्शन नका घेऊ. सगळं बेस्ट आहे आपल्याकडे."

"हो सर. तेच लिहून द्या."

"लिहून कशाला? मी बोलतोय ना."

"तुमी उद्या दुसऱ्या विद्यापीठात गेले तर?"

तो हसला. "दीदी, थोडा ट्रस्ट ठेवावा लागतो."

"ट्रस्ट हाय ना, सर. म्हून तर लिहून मागून राह्यली. नसता तर मागितलंच नसतं."

"असं निगेटिव्ह राहून करिअर होत नाही, दीदी. सीट्स भरत आल्यात. फादरना फोन द्या."

बाबा शेजारीच होते. त्यांनी फोन घेतला, पण कानाला लावला नाही, हातात समोर धरला. मला वाटलं ते माफी मागतील. साहेब लोकांची माफी मागणं ही त्यांची सवय आहे.

"साहेब," ते म्हणाले, "मी उभ्या नोकरीत गाडीची पाटी लावल्याशिवाय गाडी सोडली नाई. पाटी पाहून माणूस चढते. तुमची पाटी कोरी हाय, अन् तुमी तिकीट आधी फाडून राह्यले."

"काका, मी समजलो नाही."

"असू द्या," बाबा म्हणाले, आणि फोन बंद कसा करायचा ते न समजून तो बहिणीच्या हातात दिला.

महिनाअखेर आली आणि गेली. हप्ता भरला नाही. भरायचा नाही हे बहिणीनं ठरवलं, आम्ही कोणी तिला सांगितलं नाही. त्या दिवशी ती मला म्हणाली, "मी तुह्या तत्त्वासाठी सोडून नाई राह्यली. तू जिंकली म्हून नाचू नको." मी नाचणार नव्हते. तिनं पुस्तिकेतलं ते कोर्टाचं पान कापून घेतलं होतं आणि तिच्या उशीखाली ते मला चादर झटकताना सापडलं होतं. मी ते होतं तिथं ठेवलं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीनं एका खोलीचा फोटो उशीखाली ठेवावा, एवढी ती खोली या देशात दुर्मीळ का आहे, याचं उत्तर निळ्या कोटाकडे नाही आणि मंत्रालयाकडेही नाही.

तिनं आधीच दिलेल्या सरकारी प्रवेश परीक्षेच्या फेरीतून तिला नागपुरातल्या एका जुन्या अनुदानित कॉलेजात जागा मिळाली. तिथं शिष्यवृत्ती चालते. फी आईच्या मानधनातूनही भरता येईल अशी. वसतिगृहाची यादी अजून लागायची आहे, तोवर ती पहाटेच्या एसटीनं जाते आणि संध्याकाळी येते. गाडीतले जुने कंडक्टर तिला खिडकीची जागा धरून ठेवतात.

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "ताई, उद्या सोबत चाल."

पाच विषयांपैकी तीन विषयांना शिकवायला कोणी नव्हतं. वेळापत्रकात त्या तासांपुढे नाव लिहायची जागा मोकळी होती. तिनं प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला होता. रिकामी पदं किती, ती कधी भरणार, तोवर त्या तासांना कोण येणार. एवढंच. एकही विशेषण नव्हतं. मी असते तर निदान सहा घातली असती. वर्गातल्या बहुतेकांच्या सह्या होत्या.

कार्यालयातल्या बाबूनं अर्ज उभा-आडवा वाचला. चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "एवढी शिकाची घाई होती तर प्रायव्हेटमंदी काऊन नाई गेली?"

माझ्या तोंडात अख्खं पत्रक आलं होतं. सरकारचा पगार घेणारा माणूस, सरकारी पैशावर चालणाऱ्या कॉलेजात बसून, शिकवणारे मागणाऱ्या मुलीला समोरच्या दुकानाचा पत्ता देत होता. मी पुढं झाले. बहिणीनं न पाहता माझं मनगट धरलं.

"काका, पोच द्या," ती म्हणाली, आणि अर्जाची दुसरी प्रत टेबलावर ठेवली.

"प्राचार्य जेवायला गेले."

"येतील ना. तोवर पोच द्या."

त्यानं खण उघडला, शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दोनदा आपटला आणि मारला. शिक्का अर्धाच उमटला. तिनं प्रत पुढं सरकवली. "परत मारा, तारीख दिसून नाई राह्यली." त्यानं परत मारला.

प्राचार्यांच्या दारासमोर लाकडी बाक होता. आम्ही दोघी त्यावर बसलो. थोड्या वेळानं तिच्या वर्गातल्या दोन मुली आल्या, मग गडचिरोलीकडचा एक मुलगा, मग आणखी तिघं. सह्या करणारे एकेक करून येत होते. बाकावर जागा पुरेना, तेव्हा मी उठून उभी राहिले. मी तिथली विद्यार्थिनी नव्हते.